तिसऱ्या सिलिंडरचा जास्तीचा ठोका

लाइट गेलीच आहे, तर बसा जरा. इन्व्हर्टरवर हा एवढा एक दिवा चालतो, पंखा चालत नाही. पण गोष्टीला पंखा लागत नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तेहेतीस वर्षं मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतला. शेवटच्या बाकावरची पोरं ज्यानं तेहेतीस वर्षं सांभाळली, त्याला भुतानंच दुरून नमस्कार करावा अशी एकंदर परिस्थिती आहे. तरीपण जे घडलं ते घडलं. सांगायला माझं काय जातं?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. मी बीडहून मांजरसुंब्याला डबा द्यायला निघालो होतो. काम एवढंच. वनमालानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, ज्वारीच्या चार भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा आणि दोन कांदे फडक्यात बांधून दिले अन् बजावलं, "त्या पोरीनं काल दिवसभर काही खाल्लं न्हाई म्हणं. समोर बसवून खाऊ घाला. अन् तुमी त्यातलं खाऊ नका, तुमचं जेवण झालंय." मी मान डोलावली आणि स्कूटर काढली.

ती पोरगी म्हणजे करिष्मा. घाटनांदूरची, शेतकऱ्याची लेक. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात तेवीस पोरं आणि ही एकटी मुलगी होती. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं होतं, "सर, पेट्रोल आत जळतं ते तर दिसत न्हाई. मग नीट जळलं का न्हाई ते कळतं कसं?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं. तिचं काही समाधान झालं नाही. पुढे ती शिकत शिकत इंजिनीअर झाली, पुण्याकडच्या एका मोटार कंपनीत लागली आणि सहा वर्षं खपून तिनं एक नवं इंजिन काढलं. तीन सिलिंडरचं, पेट्रोलमध्ये उसाचं इथेनॉल कितीही मिसळा, तरी चालणारं.

आता त्या इंजिनाची परीक्षा कसली होती ते सांगतो, भाकरीवरून. सिलिंडरमध्ये ठिणगी पडून इंधन एकदा पेटलं की पिस्टनला एक धक्का बसतो. आम्ही त्याला ठोका म्हणतो. मिनिटाला असे हजार ठोके. बाईनं शंभर भाकरी थापल्या तर शंभरही सारख्याच फुगायला पाहिजेत; एक कच्ची, एक करपलेली असं झालं की खाणाऱ्याला लगेच कळतं. इंजिनाचंही तेच. म्हणून लागोपाठ तीनशे ठोके मोजायचे, प्रत्येकाचा जोर टिपायचा आणि त्यांच्यात शेकडा किती फरक पडतो ते काढायचं. तीनच्या खाली आला तर पास, वर गेला तर नापास. करिष्माच्या इंजिनाचे पहिले दोन सिलिंडर गुणी होते. तिसरा मात्र रोज चार पॉइंट आठ दाखवायचा. चाळीस दिवस झाले, तो हटायला तयार नव्हता.

आणि शुक्रवारी कंपनीचे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर आकडा तीनच्या खाली आला नाही तर हे इंजिन बंद, असा निरोप होता. एकच नग बनवला होता, तोही भंगारात जाणार. त्या दिवशी होता बुधवार. "सर," करिष्मा मला आदल्या दिवशी म्हणाली होती, "हे बंद पडलं तर मी परत इंजिनाला हात लावणार न्हाई. दुसरं कायबी करीन." ती रडत नव्हती, म्हणून मला जास्त काळजी वाटली.

हे सगळं चाललं होतं ते वाहेद उस्तादांच्या शेडमध्ये. कंपनीला कडक उन्हात चाचणी पाहिजे होती, आणि कडक ऊन म्हटल्यावर आमच्यासारखा सधन जिल्हा दुसरा नाही. मांजरसुंब्याच्या जुन्या रस्त्याला उस्तादांचं गॅरेज होतं. एकेकाळी तिथं ट्रकांची रांग लागायची. नवा चौपदरी रस्ता झाला आणि जुन्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकेना. उस्ताद दोन वर्षांपूर्वी गेले. शेडच्या मागं त्यांची बायको आमिनाबी राहते, आणि गॅरेज सांभाळतो तिचा भाचा हारिस. चाळिशीचा गडी, हात सोन्याचे, तोंडात कायम बडीशेप.

उस्तादांची आणि माझी चाळीस वर्षांची दोस्ती आणि तेवढंच जुनं भांडण. त्यांच्याकडे बाभळीची एक काठी होती. काठीचं एक टोक चालत्या इंजिनावर टेकवायचे, दुसरं कानाला लावायचे आणि डोळे मिटून सांगायचे, अमुक ठिकाणी दुखतंय. शंभरात शंभर वेळा खरं निघायचं. दुसऱ्या कानात हिना अत्तराचा फाया असायचा. मला म्हणायचे, "मास्तर, तुमची किताब इंजिन बंद असताना वाचायची. चालू झालं की गप बसून ऐकायचं." मी म्हणायचो, तुम्ही अडाणी. ते म्हणायचे, तुम्ही बहिरे. मग चहा यायचा आणि भांडण पुढच्या खेपेला ढकललं जायचं.

तर मी पोचलो तेव्हा बाराचा सुमार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लिंबाच्या झाडाची सावली बुंध्याला चिकटली होती आणि शेडचे पत्रे उन्हानं तडतडत होते. रात्रीची भीती सगळ्यांना माहीत असते. पण भर दुपारी, आवाज थांबल्यावर, उघड्या उजेडात जे एकटेपण येतं ना, त्याला तोंड द्यायला कंदीलही कामाला येत नाही.

आत गेलो. मधोमध इंजिन लोखंडी चौकटीवर बसवलेलं, पाइप आणि वायरी लावलेलं. शेजारी टेबलावर करिष्माचा कॉम्प्युटर. माणूस मात्र कुणी नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर एक काचेचा ग्लास, वाफाळता चहा. माझा घसा कोरडा पडलेला. मी म्हटलं, आमिनाबीनं आपली स्कूटर ऐकली वाटतं. उभ्या उभ्या चहा पिऊन टाकला. आलं घातलेला, फर्स्टक्लास.

तेवढ्यात हारिस पाण्याची बादली घेऊन आला, त्याच्या मागून करिष्मा. हारिसनं रिकामा ग्लास बघितला आणि बादली हातातून सुटली.

"सर... ह्यातला चहा?"

"पिलो की."

"कावून पिलात, सर?" त्याचा चेहरा पडला. "त्यो उस्तादचा होता."

मग प्रकार कळला. सकाळी त्यानं इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडून परत बांधलं होतं. उस्तादांच्या घराण्यातल्या मेकॅनिकांची एक रीत आहे, ती उमापूरहून, उस्तादांच्या उस्तादापासून चालत आली. उघडलेलं इंजिन बांधलं की पहिल्यांदा चालू करताना गेलेल्या उस्तादाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावचा चहा ठेवायचा. काम संपलं की तो चहा उंबऱ्याबाहेर ओतायचा आणि म्हणायचं, उस्ताद, काम झालं, घर कू जाव. बोलावलेल्या माणसाला निरोप द्यायचा, एवढाच त्यातला अर्थ.

"अन् आता ओतायला चहाच न्हाई," हारिस म्हणाला. "चहा दिल्याबगर उस्ताद जात न्हाईत."

"अरे, जिवंत होते तेव्हा त्यांचा निम्मा चहा मीच प्यायचो," मी म्हणालो. "त्यांना सवय आहे."

करिष्मा हसली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा. "सर, आधी चाचणी घेऊ, मग भांडा," ती म्हणाली. हारिसनं कानाला हात लावला, पुटपुटत उस्तादांचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

इंजिन सुरू झालं. शेडचे पत्रे थरथरू लागले. करिष्मानं ठरलेला वेग आणि ठरलेला भार दिला, गरम होऊ दिलं आणि मोजणी चालू केली. तीनशे ठोक्यांना अठरा सेकंद लागतात. मी चाचणीच्या वहीत तारीख लिहीत होतो, कारण साक्षीदार म्हणून सही माझी असायची. अठरा सेकंद झाले. मी मान वर केली.

पडद्यावर तिसऱ्या सिलिंडरपुढे आकडा होता: दोन पॉइंट एक.

काय सांगू तुम्हाला! हारिसनं बडीशेपेची पुडी हवेत उधळली. करिष्मानं माझे दोन्ही हात धरले आणि पोरीसारखी उड्या मारायला लागली. साठी उलटलेला मी, मीही दोन उड्या मारल्या. मग तिची नजर परत पडद्याकडे गेली आणि ती थांबली.

"सर, हे बघा. पहिल्यात ठोके तीनशे. दुसऱ्यात तीनशे." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "तिसऱ्यात तीनशे एक."

"मोजायला चुकलं असेल."

"तिन्ही पिस्टन एकाच दांड्याला बांधलेत, सर. दांडा तेवढाच फिरला. मग तिसऱ्याला एक ठोका जास्त... कुठून मिळणार?"

परत मोजलं. आकडा एक पॉइंट नऊ. ठोके तीनशे, तीनशे, तीनशे एक. हारिसनं सगळ्या वायरी काढून परत लावल्या. करिष्मानं मोजणारा डबा बदलला. तीनशे एक. शेवटी तिनं इंजिन बंद केलं. आवाज विरत विरत गेला, आणि ती दुपारची शांतता पत्र्याखाली भरून आली. 

टक.

लाकूड लोखंडावर टेकल्यासारखा आवाज. जोरात नाही. कुणीतरी जपून टेकवल्यासारखा.

"इंजिन थंड होतंय," मी म्हणालो. "लोखंड आकसतं तेव्हा होतो असा आवाज." हे मी तेहेतीस वर्षं शिकवलं होतं आणि ते खरंही आहे. पण माझा आवाज मलाच बारीक वाटला. कारण इथेनॉलच्या त्या उग्र वासाच्या खालून आता दुसरा एक वास येत होता. गोडसर, जुना. मी ओळखला, पण नाव घेतलं नाही.

आमिनाबी ग्लास न्यायला आली, ती दारातच थांबली. तिनं नाक वर करून वास घेतला.

"हारिस... हिना कुणी लावली रे?"

 सत्तरीची बाई, पदर सावरून ती दोन पावलं आत आली. इंजिनाच्या पलीकडे, जिथं कुणीही नव्हतं, तिथं बघत राहिली. मला वाटलं आता ही कोसळणार. तर तिनं कमरेवर हात ठेवले.

"दो साल में घर कू एक बार नई आए," ती म्हणाली, "अन् इंजिन के वास्ते आ गए क्या?"

खरं सांगतो, भीती वाटत होती आणि तरी मला हसू फुटलं. करिष्माही हसली. हारिस तेवढा रडत होता.

आम्ही लिंबाखाली जाऊन बसलो. डबा सोडला. करिष्मानं भाकरीला हात लावला नाही. हारिस म्हणाला, "ताई, माझं ऐका. शुक्रवारपर्यंत चहा ओतूच नका. साहेबासमोर उस्तादलाच सांभाळू द्या. पास झालं की मग देऊ निरोप. त्यांनाबी आवडंल." आणि मी? खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं. पोरीची सहा वर्षं वाचतात, वहीत खरा आकडा पडतो, कुणाचं काय जातंय?

करिष्मा रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, "साहेब पास करतील. मग ही इंजिनं गाड्यांमदी बसतील. कुणीतरी बाई लेकरं घेऊन घाट चढत असंल, अन् ऐन चढाला तिसरा सिलिंडर दगा देईल. तिथं उस्ताद नसणार." तिनं माझ्याकडे बघितलं. "मला माझ्या इंजिनाचा आकडा पायजे, सर. उस्तादांचा न्हाई."

तिला शिकवलं मी. पण त्या दिवशी मला तिच्यासमोर लहान झाल्यासारखं वाटलं. लाज वाटली आणि अभिमानही वाटला.

निरोप द्यायचा ठरला. आमिनाबीनं ताजा चहा केला. ज्यानं ग्लास रिकामा केला त्यानंच तो द्यायचा, असं ती म्हणाली, म्हणून ग्लास माझ्या हातात आला. मी शेडच्या उंबऱ्यावर उभा राहिलो. तिघं मागं. बाहेर ऊन भाजत होतं. "मोठ्यानं बोलायचं न्हाई," हारिस कुजबुजला. "मनात म्हणायचं. काम झालं, घर कू जाव."

आता तुमच्याजवळ लपवत नाही. उस्ताद गेले त्या दिवशी मी भाचीच्या लग्नात होतो, लातूरकडे. मातीला पोचलो नाही. चाळीस वर्षांच्या दोस्ताशी शेवटचे दोन शब्द बोललो नाही, ते मला फार लागून राहिलेलं आहे. आणि आता बोलायची वेळ आली तर काय बोलायचं, चला निघा? माझ्या जिभेवर ते येईना. मी चहा ओतला आणि आपल्याकडे निरोप घेताना सगळेच म्हणतात तेच मनात म्हणालो. उस्ताद, पोरीवर लक्ष असू द्या.

तापलेल्या मातीनं चहा बघता बघता पिऊन टाकला. मागून हारिसनं विचारलं, "म्हणलात ना, सर?" मी म्हणालो, "हो." वास गेला होता.

करिष्मानं लगेच इंजिन चालू केलं. अठरा सेकंद. ठोके तीनशे, तीनशे, तीनशे. आकडा चार पॉइंट आठ.

ती खुर्चीत बसली ती बसलीच. तिचा तो चेहरा मला बघवेना. मी भाकरीचं फडकं उगाच घडी घालून उलगडत होतो. थोड्या वेळानं तिनं मघाचं, तीनशे एक ठोक्यांचं मोजमाप पडद्यावर काढलं. तिसऱ्या सिलिंडरचे सगळे ठोके एकावर एक. तीनशे रेषांचा एक जाड पट्टा दिसत होता, आणि त्या पट्ट्याच्या जरा अलीकडे एक रेष एकटीच, केसाएवढी बारीक. जास्तीचा ठोका तो.

"सर, हा लवकर पेटलाय," ती हळूच म्हणाली. "दांड्याच्या फिरण्यात दोन अंश अगोदर. अन् किती सुबक चढलाय बघा." मग ती माझ्याकडे वळली. "तिन्ही सिलिंडरला ठिणगी एकाच मापानं द्यायची, हे मला कुणी शिकवलं?"

"मी," मी म्हणालो.

उस्तादांचं बोलणं मला तेव्हा आठवलं. याच शेडमध्ये, याच वादावरून ते म्हणाले होते, "मास्तर, एका घरात तीन भाऊ असले म्हणून तिघांना भूक एकाच टायमाला लागती का?" मी त्यांना अडाणी म्हणालो होतो.

पण ठिणगी लवकर देणं म्हणजे जिवावरचा खेळ. थोडं चुकलं तर आत भलताच दणका बसतो आणि पिस्टन फुटतो. इंजिन एकच. फुटलं तर शुक्रवारी साहेबाला दाखवायला चौकट उरली असती. करिष्माचा हात बटणावर होता. "सर?" तिनं विचारलं. तेहेतीस वर्षं मी फळ्यावर जे लिहिलं त्याच्या विरुद्ध मला सांगायचं होतं.

"दे, बाळा," मी म्हणालो.

तिनं तिसऱ्याची ठिणगी दोन अंश अलीकडे घेतली. इंजिन घुमलं. हारिसनं डोळे गच्च मिटले. मी आकडे न बघता सेकंद मोजत होतो आणि चौदाच्या पुढचे आकडे विसरलो. मग करिष्माचा आवाज आला, अगदी साधा.

"दोन पॉइंट सात. ठोके तीनशे."

कुणी उड्या मारल्या नाहीत. ती उठली, फडकं ओढून घेतलं आणि चारही भाकरी ठेच्याबरोबर खाल्ल्या. वनमालाला हिशेब द्यायला एकही उरली नाही. मी तिच्याकडे बघत बसलो आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

शुक्रवारी साहेब आले. तीनदा चाचणी घेतली. दोन पॉइंट सात, दोन पॉइंट सहा, दोन पॉइंट सात. ठोके तिन्ही वेळा बरोब्बर तीनशे. साहेबांनी सही केली, आमिनाबीच्या हातचे गुलगुले खाल्ले, चार बांधूनही नेले. इंजिन टेम्पोत चढलं आणि पुण्याला गेलं. हारिसनं शेड झाडून घेतली. गोष्ट इथं संपली असती तर मी ती तुम्हाला बढाई म्हणून सांगितली असती.

मागच्या आठवड्यात करिष्माचा फोन आला. कारखान्यात तिच्या इंजिनांची पहिली खेप तयार झाली, बारा नग. एका लांब हॉलमध्ये रांगेत बारा चौकटी, बाराही इंजिनं एकदमच चालू केली. तिथली चाचणी दहा मिनिटांची, दहा हजार ठोक्यांची. इंजिनं चालू असताना आत कुणाला सोडत नाहीत; दार बंद असतं आणि माणसं काचेबाहेर बसतात.

"सगळी पास झाली, सर," ती म्हणाली. "बाराच्या बारा. लोक म्हणत्यात, असा आकडा कधी बघितला न्हाई."

"मग पेढे कुठायत?" मी म्हणालो.

ती हसली, पण लवकर थांबली. "सर, प्रत्येकाच्या तिसऱ्या सिलिंडरमदी दहा हजार एक ठोके हायत."

 हा समोरचा दिवा आहे ना, त्याच्याकडे मी बघत होतो.

"त्यो जास्तीचा ठोका कधी पडला, ते मी काढून बघितलं," ती सांगत होती. तिचा आवाज आता कुजबुजल्यासारखा बारीक झाला होता. "बाराही इंजिनांत एकाच येळी न्हाई पडला, सर. आधी पयल्या इंजिनात. मग दहा सेकंदांनी दुसऱ्यात. मग दहा सेकंदांनी तिसऱ्यात... असं वळीनं, शेवटच्यापर्यंत. फक्त सहाव्या अन् सातव्याच्या मधी वीस सेकंद हायत."

"का बरं?"



"तिथं खांब हाय, सर," करिष्मा म्हणाली. "वळसा घालून जावं लागतं."